दम्याच्या लेकरांना रोजचा पंप द्या, आणि स्पेसर लावून द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत मुलांच्या खोकल्यावर आणि धापेवर घरगुती उपायांचं अख्खं पान आलं होतं. आलं-मध, ओव्याचा शेक, हळदीचं दूध, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही, साध्या सर्दीत आमच्या घरातही हेच चालतं. पण त्याच पानात खाली एक वाक्य होतं की दमा असलेल्या मुलांना पंप (इन्हेलर) शक्यतो देऊ नये, सवय लागते, अगदीच नाइलाज झाला तर शेवटी द्यावा. त्या एका वाक्यासाठी हे पत्र लिहितेय. मी फलटणला औषधाचं दुकान चालवते, फार्मासिस्ट आहे, आणि हे वाक्य मला काउंटरवर सारखं ऐकू येतं. आता ते पेपरात छापून आलंय म्हणजे लोक मला कात्रण काढून दाखवणार आणि मी काय बोलणार त्यांच्यापुढे, पेपरात आलंय म्हटल्यावर.

काउंटरवर काय होतं ते आधी सांगते. डॉक्टरांनी चिठ्ठीवर तीन गोष्टी लिहिलेल्या असतात. एक सॅल्ब्युटामॉलचा निळा पंप, धाप लागली की घ्यायचा. दुसरा ब्युडेसोनाइडचा, म्हणजे स्टिरॉइडचा, रोज सकाळ-संध्याकाळ घ्यायचा, त्रास असो नसो. तिसरा स्पेसर, म्हणजे पंपाच्या पुढे लावायचं ते प्लास्टिकचं नळकांडं, लहान मूल असेल तर त्याला मास्क. आई किंवा बाबा, बऱ्याचदा आजोबा, चिठ्ठी पुढे करतात, मी तिन्ही काढून ठेवते, बिल सांगते आणि मग एकेक वस्तू परत जायला लागते. आधी स्पेसर. "हे नळकांडं कशाला ताई, पंप आहे की." मग रोजचा पंप. "सध्या बराय तो, नुसता निळा द्या, हा पुढच्या महिन्यात बघू." निळा पिशवीत जातो, बाकीचं माझ्या कपाटात. आणि थोड्या दिवसांनी तेच घर परत निळाच न्यायला येतं, तोवर मधे एकदा रात्री लेकराला उचलून दवाखान्यात नेऊन वाफ देऊन झालेली असते.

यात बिघडतं काय ते नीट सांगते कारण सगळी गोम इथेच आहे. दम्यात दोन गोष्टी होतात, श्वासनळ्यांभोवतीचे स्नायू आवळतात आणि नळ्या आतनं सुजलेल्या असतात, चिकट, जरा धूळ-धूर गेला की भडकणाऱ्या. निळा पंप स्नायू सैल करतो, पाच-दहा मिनिटांत पोरगं हसायला लागतं, चार-सहा तास बरे जातात, म्हणून घरच्यांचा त्या पंपावर जीव. पण सुजेला तो हात लावत नाही. सूज उतरवतो तो रोजचा स्टिरॉइडचा पंप, आणि तो घेतल्या घेतल्या काहीच जाणवत नाही, फरक दिसायला आठवडा-दोन आठवडे जातात, पुरता दिसायला महिना-दोन महिनेसुद्धा. त्यामुळे जे लगेच आराम देतं तेच लोकांना खरं औषध वाटतं आणि ज्याच्यामुळे अटॅक टळतो तो फुकटचा खर्च वाटतो.

हे माझं दुकानदाराचं मत नाही. 'जिना' म्हणून दम्यावर काम करणारी जागतिक संघटना आहे, १९९३ पासूनची, जगभरातले डॉक्टर तिच्या सूचना वापरतात. २०१९ मध्ये त्यांनी स्पष्ट सांगितलं की १२ वर्षांपुढच्या कुणालाही नुसत्या निळ्या पंपावर ठेवू नका, आणि ६ ते ११ च्या मुलांसाठीही स्टिरॉइड पंपाची जोड सुचवली, एकतर रोज थोडं किंवा निदान जेव्हा जेव्हा निळा घेतला तेव्हा सोबत. २०० डोसचे तीन किंवा जास्त निळे डबे वर्षात संपत असतील तर मोठ्या अटॅकचा धोका वाढतो आणि बारा किंवा जास्त संपत असतील तर जिवाचा धोका वाढतो, हेही तेच सांगतात. ब्रिटनमध्ये दम्याने गेलेल्या १९५ लोकांच्या केसपेपरची तपासणी झाली होती, २०१४ साली तिचा अहवाल आला, त्यात निळ्या पंपावर असलेल्या आणि नोंदी सापडलेल्या लोकांपैकी ३९ टक्के लोकांना मरणाआधीच्या वर्षात बारापेक्षा जास्त निळे पंप लिहून दिलेले होते. तिथे चिठ्ठीशिवाय पंप मिळत नाही तरी हे झालं, आपल्याकडे तर निळा डबा लोक घरातल्या कुणालाही पाठवून मागवतात.

आता सवयीचं. पंपाची सवय लागत नाही, व्यसनासारखं त्यात काही नाही. दमा आहे म्हणून औषध लागतं, औषध घेतलं म्हणून दमा राहत नाही. उलट तीन महिने मूल एकदम छान राहिलं, रात्री खोकला नाही, खेळताना धाप नाही, तर डॉक्टर डोस कमी करतात, पायरी पायरीने खाली आणतात, तशीच पद्धत आहे. अडचण ही होते की लोक पायरी उतरत नाहीत, एकदम उडी मारतात. बरं वाटलं की बंद. मग पहिला गारठा पडला की परत सुरुवातीपासून.

आणि "स्टिरॉइड" शब्द ऐकला की आईच्या चेहऱ्यावरचा रंगच जातो, ते मी समजू शकते. म्हणून मी आता कागदावर गणित करून दाखवते, तुम्हालाही दाखवते. वीस किलोच्या मुलाला जोराचा अटॅक आला तर प्रेडनिसोलोनचं तोंडावाटे औषध किलोमागे १ मिलिग्रॅम म्हणजे दिवसाला २० मिलिग्रॅम, पाच दिवस दिलं तर झालं १०० मिलिग्रॅम. पंपातलं ब्युडेसोनाइड मायक्रोग्रॅममध्ये असतं, हजार मायक्रोग्रॅमचा एक मिलिग्रॅम. लहान मुलाला रोज २०० मायक्रोग्रॅम दिलं तर अख्ख्या वर्षाचे होतात ७३ मिलिग्रॅम. म्हणजे वर्षभराचा पंप एका अटॅकच्या कोर्सपेक्षा कमी. दोन्ही औषधं वेगळी आहेत, ब्युडेसोनाइड जास्त ताकदीचं आहे, त्यामुळे मिलिग्रॅमला मिलिग्रॅम अशी तुलना काटेकोर नाही हे मला माहितीये, पण पंपातलं जे पोटात जातं त्यातलं साधारण ९० टक्के लिव्हर पहिल्याच फेरीत निकामी करून टाकतं, अंगात फिरायला थोडंच उरतं. स्टिरॉइडला भिऊन रोजचा पंप टाळणारी घरंच शेवटी वर्षातनं दोन-दोन तीन-तीनदा स्टिरॉइडचे कोर्स घेतात, गोळी, सिरप, कधी इंजेक्शन, हे बघून जीव तुटतो.

निळ्याचंही तसंच. "पंप नको, सिरप द्या, सिरप हलकं असतं" असं म्हणणारे खूप. सॅल्ब्युटामॉलच्या सिरपच्या एका चमच्यात, म्हणजे ५ मिलीत, २ मिलिग्रॅम औषध असतं. पंपाच्या एका पफमध्ये, म्हणजे एकदा दाबल्यावर, १०० मायक्रोग्रॅम. एक चमचा म्हणजे वीस पफ झाले. आणि ते पोटातनं रक्तात, रक्तातनं सगळ्या अंगात फिरून मग छातीत पोचणार, तोवर मुलाचे हात थरथरतात, छाती धडधडते, झोप उडते. हलकं कुठलं, पंपच हलका. तसंच मॉन्टेलुकास्टचं, गोड चघळायची गोळी म्हणून ती आयांना फार आवडते, काहींना ती उपयोगी पडतेही, पण अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, मार्च २०२० मध्ये तिच्यावर सगळ्यात कडक इशारा टाकला, मुलांमध्ये चिडचिड, भीतीदायक स्वप्नं, वागण्यात बदल दिसू शकतात म्हणून. रोजच्या स्टिरॉइड पंपाच्या जागी ती नुसती देत राहणं बरोबर नाही.

उंचीचा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारतात आणि त्याचं उत्तर लपवायचं काही कारण नाही. अमेरिका आणि कॅनडात 'कॅम्प' नावाचा मोठा अभ्यास झाला, ५ ते १२ वयाची १,०४१ मुलं, चार ते सहा वर्षं, काहींना रोज ब्युडेसोनाइडचा पंप, काहींना दुसरं औषध, काहींना नुसता दिसायला पंप, आत औषध नाही. २००० साली निकाल आला. ब्युडेसोनाइडवाल्या मुलांना दवाखान्यात भरती करायची वेळ ४३ टक्क्यांनी कमी आली, तातडीने डॉक्टरकडे पळायची वेळ ४५ टक्क्यांनी. उंची त्या काळात सरासरी १.१ सेंटिमीटर कमी वाढली. नंतर तीच मुलं मोठी झाल्यावर २०१२ मध्ये परत मोजली तर फरक १.२ सेंटिमीटर होता, म्हणजे फरक राहिला पण वाढत गेला नाही. सव्वा सेंटिमीटरच्या आसपास. आई-बापांनी हा आकडा ऐकून मग ठरवावं, पण एका बाजूला बोटाच्या नखाएवढी उंची आणि दुसऱ्या बाजूला रात्री दोनला गाडी शोधत फिरणं आहे. शिवाय दमा आवाक्यात नसेल, मूल सारखं आजारी, झोप नाही, जेवण नाही, तर त्यानेही वाढ खुंटतेच की.

याच अभ्यासातली दुसरी गोष्ट पण सांगायला हवी. फुप्फुसाची ताकद मोजायची टेस्ट असते, स्पायरोमेट्री, जोरात फुंकायचं आणि पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर आली ते बघायचं. साधारण पाच-सहा वर्षांपुढची मुलं ती नीट करू शकतात. औषध चालू असताना लक्षणं कमी, अटॅक कमी, श्वासनळ्यांचा भडकूपणा कमी, हे सगळं झालं, पण नळ्या मोकळ्या करायचं औषध देऊन घेतलेला फुंकण्याचा आकडा अभ्यासाच्या शेवटी गटागटांत फारसा वेगळा निघाला नाही. आणि पंप बंद केल्यावर फायदाही हळूहळू ओसरला. म्हणजे रोजचा पंप दमा मुळासकट उपटत नाही, घेताय तोवर छाती मोकळी ठेवतो. कुणी "सहा महिन्यांत कायमचा बरा" म्हणत असेल तर त्याच्यापासून लांबच राहावं.

त्या मुलांचा मागोवा पुढे कितीतरी वर्षं घेतला गेला, २०१६ ला त्याचाही निकाल आला. ६८४ जणांपैकी फक्त चौथाई जणांची फुप्फुसं अपेक्षेप्रमाणे वाढली आणि टिकली, बाकीच्यांची वाढ कमी तरी झाली किंवा लवकर उतरणीला तरी लागली. ११ टक्क्यांना तर तरुणपणीच, तिशीच्या आतबाहेर, फुप्फुसाची अशी अवस्था दिसली जी आपण एरवी म्हाताऱ्या बिडीवाल्यांमध्ये बघतो. फुप्फुसं वाढतात ती वयाच्या विशीपर्यंतच, त्यामुळे "मोठा झाला की जाईल" म्हणून बसणं परवडणारं नाही. दर भेटीला वजन-उंची बघतात तशी फुंकायची टेस्ट वर्षातनं एकदा तरी व्हावी, आणि निदान फुंकेचा जोर मोजायचा साधा पीक फ्लो मीटर तरी तालुक्याच्या दवाखान्यात असावा एवढं मागणं जास्त नाही.

आता स्पेसर. यावर मी जास्त लिहिणार आहे कारण सगळ्यात जास्त औषध इथे वाया जातं. पंप दाबला की औषध प्रचंड वेगाने बाहेर येतं, मोठे थेंब घशावर आपटतात आणि तिथेच चिकटतात, फुप्फुसात खोल जातात ते १ ते ५ मायक्रॉनचे बारीक कण. मोठ्या माणसालाही दाबणं आणि ओढणं एकाच क्षणी जमत नाही, पाच वर्षांच्या पोराला कुठनं जमणार. स्पेसर लावला की औषध त्या नळकांड्यात क्षणभर थांबतं, मोठे थेंब त्याच्या भिंतीला लागतात, बारीक कण मूल आपल्या श्वासाने आत घेतं.

गेल्या महिन्यात एक आजी नातवाला घेऊन आल्या होत्या, पहिलीतला असेल, उसतोडीच्या टोळीतलं घर. पंप होता, स्पेसरही होता कुणीतरी दिलेला, पण "काही उपेग न्हाई बघा" म्हणाल्या. म्हटलं माझ्यासमोर घेऊन दाखव. त्याने पंप न हलवताच लावला, धडाधड चार वेळा दाबला, एक श्वास घेतला आणि स्पेसर काढून ठेवला. सगळं औषध नळकांड्याच्या भिंतीला. मग बाकावर ताठ बसवला, पंपाचं टोपण काढून चांगला हलवला, स्पेसरला लावला, तोंडातला भाग दातांच्या मधे आणि ओठ घट्ट मिटून. एकदाच दाबलं. मग त्याला म्हटलं आता नेहमीसारखाच श्वास घे, घाई नको, आणि आतली झडप टक टक वाजते ती मोज. पाच-सहा टक झाले की थांब. अर्धा-एक मिनिट गेलं, पंप परत हलवला, दुसरा पफ, परत टक टक. पोराला ते वाजणं इतकं आवडलं की तिसरा पण मागायला लागला! मग चूळ भरून थुंकायला लावली, कारण रोजच्या पंपाचं औषध तोंडात राहिलं तर जिभेवर पांढरा थर धरतो, आवाज बसतो. मास्क लावणाऱ्या बाळाचं तोंडही ओल्या फडक्याने पुसायचं. आजी सगळं बघत होत्या, नंतर त्यांनी मलाच परत करून दाखवलं, एकही पायरी चुकल्या नाहीत.

हे दाखवायला पाच मिनिटं लागतात आणि ही पाच मिनिटं कुणाकडेच नसतात, डॉक्टरांच्या बाहेर पन्नास पेशंट, माझ्या काउंटरवर रांग. पण ती काढायलाच लागतात. आई-बापांनीही मागून घ्यावीत, "आम्हाला करून दाखवा, मग आम्ही तुम्हाला करून दाखवतो" असं सरळ म्हणावं, त्यात लाजायचं काही नाही.

बारीकसारीक गोष्टी पण आहेत. चार वर्षांच्या आत मास्क, तो नाक-तोंडावर घट्ट बसला पाहिजे, फट राहिली की औषध बाहेर. मूल रडत असताना दिलं तर छातीत फारच थोडं पोचतं, आधी शांत करा, मांडीवर घ्या, गोष्ट सांगा, मग द्या. स्पेसर साबणाच्या कोमट पाण्यात बुडवून काढायचा आणि तसाच निथळत ठेवायचा, कापडाने खसाखसा पुसायचा नाही, पुसल्याने प्लास्टिकवर वीज साठते आणि औषध भिंतीलाच चिकटतं. डबा संपला की नाही ते हलवून किंवा पाण्यात तरंगवून कळत नाही, औषध संपलं तरी गॅस फुसफुसत राहतो. ज्या डब्यावर डोस मोजणारा आकडा नाही त्याचं गणित कॅलेंडरवर लिहा, २०० डोसचा डबा, सकाळी दोन संध्याकाळी दोन, म्हणजे पन्नास दिवस. आणि पावडरच्या कॅप्सूलचं जे फिरवायचं यंत्र असतं त्याला जोरात ओढावं लागतं, ते सहाच्या आतल्या मुलांना जमत नाही, स्वस्त पडतं म्हणून तीन वर्षांच्या बाळाला ते घेऊ नका.

स्पेसर परवडत नाही म्हणणाऱ्यांचंही खोटं नाही, काही शे रुपये मजुरीवाल्या घराला जड जातात. दक्षिण आफ्रिकेत केपटाऊनला डॉ. हेदर झार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर मार्ग काढला, ५०० मिलीची रिकामी प्लास्टिक बाटली, तिच्या बुडाला पंपाच्या तोंडाच्या मापाचं भोक पाडून पंप तिथे घट्ट बसवायचा आणि बाटलीच्या तोंडाने श्वास घ्यायचा. अटॅक आलेल्या मुलांवर त्यांनी हे तपासलं, १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं, बाटलीचा स्पेसर विकतच्या इतकाच चालला. फक्त भोक नीट बसणारं हवं, कड घासून गुळगुळीत हवी, आणि पहिल्यांदा डॉक्टरांना दाखवून मगच वापरावा. पैसे नाहीत म्हणून स्पेसरशिवाय पंप मारण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

वाफेच्या मशीनचंही बोलते, नेब्युलायझर. लोकांना वाटतं मशीन म्हणजे भारी औषध. कर्ज काढून मशीन घेतलेली घरं मला माहितीयेत. मुलांवरचे सगळे अभ्यास एकत्र करून बघितले तर साध्या आणि मध्यम अटॅकमध्ये पंप आणि स्पेसर मशीनपेक्षा कुठेच कमी पडत नाहीत, उलट मुलं दवाखान्यातनं लवकर घरी जातात आणि छातीची धडधड कमी होते. वीज गेली तरी पंप चालतो, बसमध्ये चालतो, शेतात चालतो. आणि पातेल्यातल्या गरम पाण्याची वाफ तर दम्याला काहीच करत नाही, ते पातेलं अंगावर सांडून भाजलेली मुलं मात्र दवाखान्यात येतात.

नवीन पण एक चांगली गोष्ट आहे. न्यूझीलंडमध्ये सौम्य दम्याच्या ५ ते १५ वयाच्या ३६० मुलांवर अभ्यास झाला, २०२५ मध्ये लॅन्सेटला आला. त्रास झाला की निळा पंप घेण्याऐवजी ब्युडेसोनाइड-फॉर्मोटेरॉलचा एकत्र पंप घेतला तर अटॅक ४५ टक्क्यांनी कमी झाले. म्हणजे आराम आणि सुजेवरचं औषध एकाच डब्यात, नुसता निळा नेणाऱ्या घरांसाठी हे फार उपयोगी ठरू शकतं. कुणाला चालेल कुणाला नाही ते बालरोगतज्ज्ञच ठरवतील, पण विचारायला हरकत नाही.

मृग आला की आमच्या भागातनंही लोक हैदराबादला जातात, जिवंत मरळ माशाच्या तोंडात पिवळं औषध घालून तो गिळायला देतात तिथे, लहान मुलांनासुद्धा. त्या श्रद्धेची टिंगल मला करायची नाही, लेकराला श्वास घेता येत नसेल तर आई कुठेही जाईल. पण तिकडे जाताना रोजचा पंप बंद करू नका एवढं हात जोडून सांगते. आता दिवाळी तोंडावर आहे, फटाके, मग कारखाने सुरू होतील, तोडणी झालेल्या फडात पाचट पेटवलं जाईल आणि संध्याकाळी सगळ्या गावावर धुराचा पट्टा उतरेल. दरवर्षी या दिवसांत निळ्या पंपांची विक्री वाढते आणि माझ्या धंद्याला बरं असलं तरी मला ते बघवत नाही. रोजचा पंप आत्ता सुरू असेल तरच तो धूर आला तेव्हा उपयोगी पडेल, ज्या दिवशी धाप लागली त्या दिवशी सुरू करून नाही. आणि मूल पूर्ण वाक्य बोलू शकत नसेल, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात असेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा ते एकदम सुस्त पडलं असेल तर निळ्या पंपाचे पफ स्पेसरने देत देत थेट दवाखाना गाठा, सकाळची वाट बघू नका.

भारतात 'ग्लोबल अस्थमा नेटवर्क'ची पाहणी झाली होती, २०२२ मध्ये निष्कर्ष आले. छातीत घरघर असलेल्या लोकांपैकी साधारण ८२ टक्क्यांना हा दमा आहे असं कुणी सांगितलेलंच नव्हतं, आणि ज्यांना डॉक्टरांनी दमा सांगितला होता त्यातही रोजचा स्टिरॉइड पंप घेणारे दहा टक्क्यांहून कमी. २०२५ च्या जागतिक दमा दिनाचं घोषवाक्यच श्वासातून घ्यायची औषधं सगळ्यांना मिळावीत असं होतं. केंद्राच्या २०२२ च्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत सॅल्ब्युटामॉलचा पंप आहे, ब्युडेसोनाइडचा आहे, ब्युडेसोनाइड-फॉर्मोटेरॉलचाही आहे. यादीत आहे पण गावातल्या आरोग्य केंद्रात मागायला गेलं तर बहुतेक वेळा सिरप आणि गोळ्याच हातात पडतात. मूल भरती झालं तर खर्चासाठी सरकारी योजना आहेत, ते भरतीच होऊ नये म्हणून लागणारा पंप आणि स्पेसर मात्र घरच्यांनी खिशातनं घ्यायचा, हे उलटं आहे.

यावर सोय करायला नवीन योजना काढायचीसुद्धा गरज नाही. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम चालू आहे, त्याची पथकं वर्षातनं दोनदा अंगणवाडीत आणि एकदा शाळेत येऊन मुलं तपासतात, आणि त्यांच्या तपासायच्या आजारांच्या यादीत श्वासनळ्यांचा हा त्रास आधीपासून लिहिलेला आहे. पथकातल्या डॉक्टरांनी एक प्रश्न जास्त विचारावा, रात्री खोकून उठतो का, पळाल्यावर शिट्टीसारखा आवाज येतो का, आणि ज्याला आहे त्याला आरोग्य केंद्रातनं रोजचा पंप आणि एक स्पेसर फुकट द्यावा, वर्षातनं एकदा पद्धत तपासावी. पथकाबरोबर फार्मासिस्टही असतो, शिकवायचं काम त्याच्याकडे द्या, आम्हा दुकानदारांना सांगा, आम्हीही करू. शाळांमध्ये पण मुलाच्या दप्तरातला पंप "औषध शाळेत आणू नको" म्हणून काढून घेतात असं पालक सांगतात, त्याबद्दल शिक्षण खात्याने एक साधं परिपत्रक काढलं तर बरं होईल, पंप मुलाजवळच राहू द्यावा आणि वर्गशिक्षकाला तो कसा द्यायचा ते माहीत असावं.

तुमच्याकडे दोन मागण्या आहेत. ते पंपाबद्दलचं वाक्य चुकीचं होतं असा खुलासा त्याच पुरवणीत, तेवढ्याच ठळक अक्षरात छापा. आणि दिवाळीच्या आधीच्या रविवारी अर्धं पान द्या, स्पेसर कसा लावायचा ते चित्रांनी, अक्षरं मोठी ठेवा म्हणजे आजी-आजोबांनाही वाचता येईल. मजकूर एखाद्या बालरोगतज्ज्ञांकडून तपासून घ्या. ते पान मी कापून दुकानात काउंटरच्या काचेवर लावीन.

कळावे,
आपली वाचक,
एक फार्मासिस्ट, फलटण